व्हायवाच्या टेबलापाशी

प्रश्न : मॅडम, मी वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत कायम पहिली यायचे. इथे रात्री दोनपर्यंत वाचूनही मागेच. परवा व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हातात ह्युमरस (दंडाचं हाड) दिलं. उजवं की डावं, एवढंच विचारलं, तेही सांगता आलं नाही. माझी निवड चुकूनच झाली असावी. – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझी पहिली व्हायवा आठवली. हातात फीमर, म्हणजे मांडीचं हाड होतं, अंगठा त्याच्या गोल डोक्यावरून नुसता फिरत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुढे तीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसले आणि तुझ्यासारखी कितीतरी मुलं पाहिली.

ह्युमरसचं डोकं वर आणि आतल्या बाजूला, ओलेक्रेनॉन फोसा (कोपराकडचा खळगा) मागे, यावरूनच उजवं-डावं ठरतं. हे तुला येत होतं गं! पण ‘आता माझी लायकी कळणार’ हा विचार मनात शिरला की आठवायला जागाच उरत नाही. थोडा ताण कामाला धार आणतो, अति झाला की अवघड काम बिघडवतो, हे यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या 1908 च्या प्रयोगांपासून माहीत आहे.

‘चुकून निवड’ या भावनेलाही नाव आहे, इम्पोस्टर फिनॉमिनन. क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये ते दिलं, तेही कर्तबगार स्त्रियांना भेटूनच. सगळ्या शाळांतल्या पहिल्या मुली एका वर्गात आल्या, तर कुणीतरी पन्नासावी येणारच. त्यात तुझी बुद्धी कमी झालेली नाही.

वाचनाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं आणि ‘येतंय’ असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात नुसतं परत वाचणाऱ्यांना खात्री जास्त होती, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते न बघता आठवून पाहणाऱ्यांना. म्हणून पुस्तक मिटून हाड हातात घे आणि मैत्रिणीला मोठ्याने सांग. अडखळलीस तरी तिच्यासमोरच अडखळ. आणि दोनपर्यंत जागू नकोस. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत.

झोप, भूक उडाली असेल, रडू थांबत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नकोस, त्याच रात्री कुणाला तरी उठव. पुढच्या व्हायवानंतर मला लिही.