कोडी सुटतात, मग डावात तीच खेळी का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा: लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर १८०० रेटिंगपर्यंतची (रेटिंग म्हणजे अवघडपणाचा आकडा) कोडी सुटतात, डावात मात्र सोपी खेळीही निसटते, तर सर्वोत्तम खेळी शोधायची कशी?

आधी खरं सांगा, त्यातली किती कोडी पहिली खेळी 'खेळून तर बघू' म्हणत सुटतात? मी वर्षभर हेच करत होते. बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक काका राहायचे. एकदा माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, "वजीर मारलास गं, छान. आता तो काय खेळेल?" मला सांगता येईना.

मग त्यांनी पट मांडला. पांढऱ्याचा राजा बी६, प्यादं सी६ (अक्षर म्हणजे डावीकडून ए ते एच यातला उभा स्तंभ, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली रांग). काळ्याचा राजा ए१, हत्ती डी५. खेळी पांढऱ्याची, म्हणजे माझी. शेवउसळीची पैज लागली. प्यादं सी७ वर, हत्तीचे शह चुकवत राजा बी५, बी४, बी३ करत सी२ वर आला, तेव्हा काकांनी हत्ती डी४ वर आणला. मी ऐटीत प्यादं शेवटच्या रांगेत, सी८ वर नेऊन त्याचा वजीर केला. हत्ती सी४, शह! वजिराने हत्ती मारला, तर काळ्या राजाला शह नाही आणि जायला घरही नाही. डाव बरोबरीत.

प्याद्याचा हत्ती करायचा होता. मग ए८ वरच्या मातेची धमकी येते, काळ्याला हत्ती ए४ वर आणावाच लागतो, आणि पांढरा राजा बी३ वर आला की एकीकडे तो हत्ती पडतो, दुसरीकडे सी१ वर मात आहे. १८९५ साली ग्लासगोच्या एका वर्तमानपत्रात हे कोडं 'काळा बरोबरी करतो' म्हणूनच छापलं होतं. हत्तीची खेळी दाखवली ती तिथेच राहणाऱ्या सावेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी, आणि ते काही नामांकित खेळाडू नव्हते. शेवउसळ मीच खिलवली.

तुमची अडचण मला वाटतं इथेच आहे. कोड्यात 'इथे काहीतरी आहे' हे साइटनेच सांगितलेलं असतं. डावात ते कुणी सांगत नाही. पण एक गोष्ट बघा, लिचेस कोडं सुरू करताना समोरच्याची शेवटची खेळी हलवून दाखवतं. बहुतेक वेळा चूक त्या खेळीतच असते. डावातही तिथूनच सुरुवात करा: मोहरा उठला, तर मागे कशाचा जोर सुटला? कोणती रेघ उघडी पडली? राजाची किती घरं उरली? मग शह देणाऱ्या आणि मोहरा मारणाऱ्या खेळ्या बघा, अगदी वेड्यावाकड्या वाटल्या तरी.

आणि कोडं सोडवताना खेळ्यांची पूर्ण ओळ, समोरच्याच्या उत्तरांसकट, आधी कागदावर लिहा, मगच बोट लावा. पहिली खेळी बरोबर आणि तिसरी चुकली, तर कोडं चुकलं असंच धरा. दिवसाला पाच पुरेत. सुरुवातीला रेटिंग पडेल, माझं चांगलंच पडलं होतं. पडू द्या.