दिवाळीचा खोका काढा, नाताळचं सामान त्यातच आहे

तुम्ही विचारलंय की भाड्याचा वन-बीएचके आहे, सहा आणि दहा वर्षांची मुलं आहेत, ओव्हन नाही, प्लॅस्टिकचे चेंडू आणि चमकी विकत आणायची नाही. मग घरातल्याच वस्तूंतून नाताळची सजावट कशी करायची? मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, मरोळच्या गावठाणात वाढलेली. आमच्या घरी नाताळचा तारा आजही हाताने बांधतात. त्यामुळे ठाम सांगते, बारीकसारीक वीस वस्तू करत बसू नका. एक मोठा तारा, एक गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आणि टांगायला थोडे पुठ्ठ्याचे तारे, एवढं केलंत तरी घराला नाताळ चढतो.

आता माळ्यावरचा दिवाळीचा खोका खाली घ्या. मोडक्या आकाशकंदिलाच्या कामट्या, उरलेला पतंगाचा कागद, पांढऱ्या रांगोळीची अर्धी पिशवी, मिठाईच्या डब्यांचा सोनेरी पुठ्ठा, दिव्यांची माळ. मुंबईत दिवाळी आणि नाताळ यांच्यात फार तर सव्वादोन महिन्यांचं अंतर, त्यामुळे हे सगळं अजून घरातच असतं.

पहिला मान ताऱ्याचा. सारख्या लांबीच्या दहा लवचीक कामट्या लागतील. कंदिलाच्या कमी पडल्या तर बुरुडाकडून आणा. ६० सेंटिमीटरच्या कामट्या घेतल्या तर प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करा. दोन खुणांच्या मधे १४ सेंटिमीटर उरतील. पाच कामट्यांची टोकं एकमेकींना जोडून तारा मांडला की कामट्या बरोबर या खुणांवर एकमेकींना छेदतात. खुणा जुळल्या की समजायचं तारा सरळ आला, कोन मोजायची गरज नाही. कामट्या लहान-मोठ्या असल्या तर टोकापासूनची खूण लांबीच्या ३८ टक्क्यांवर करा, हिशोब तोच. आधी भाजीच्या जुडीला येतात ते रबर लावून सगळं जागेवर आणा आणि मगच दोऱ्याने घट्ट बांधा. थेट दोरा बांधायला गेलात तर शेवटची गाठ मारेपर्यंत पहिली सरकलेली असते.

असे दोन तारे करून एकावर एक ठेवा आणि फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मग आतल्या बाजूला जिथे कामट्या छेदतात त्या पाच ठिकाणी, दोन ताऱ्यांच्या मधे, साधारण १२ सेंटिमीटरच्या आखूड कामट्या उभ्या अडकवा. सपाट तारा फुगतो आणि त्याला पोट येतं. हे पहिल्यांदा पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, तेव्हा हे काम त्यांच्या हातून करून घ्या. पुढची बाजू, मागची बाजू आणि कडेचे दहा चिंचोळे त्रिकोण कागदाने मढवायचे. मागचा एक त्रिकोण मात्र उघडा ठेवा, दिवा तिथूनच आत जाणार.

चिकटवायला गोंदाच्या बाटल्या आणू नका, खळ करा. दोन चमचे मैदा गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. पतंगाच्या कागदाला खळीसारखं दुसरं काही नाही, डाग दिसत नाही आणि कागद सुरकुतला तर लगेच उचलून परत लावता येतो. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको. त्यापेक्षा रोजची खळ रोज करा.

कामट्या मिळाल्याच नाहीत तर वर्तमानपत्राचं पान कोपऱ्यापासून तिरकं, विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळून नळ्या करा. नळ्या वाकत नाहीत, त्यामुळे फुगीर तारा होणार नाही, पण पाच नळ्यांचा सपाट तारा खिडकीच्या ग्रिलला छान बसतो. बाहेर टांगणार असाल तर दोन ठिकाणी बांधा, नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्यावर तो गरगरत राहतो.

लहान तारे मिठाईच्या पुठ्ठ्याचे. इथे दहा वर्षांच्या मुलाला कामाला लावा. भिंतीवरचं घड्याळ उतरवून पुठ्ठ्यावर त्याची कड आखायची, मग ०, १२, २४, ३६ आणि ४८ मिनिटांच्या समोर खुणा. एक खूण सोडून दुसरीला रेघ जोडत गेलं की पाच टोकांचा बिनचूक तारा मिळतो. छोट्या ताऱ्यांसाठी वाटी आखा आणि पहिल्या ताऱ्यावरून टोकांच्या दिशा घ्या. एकाच मापाचे दोन तारे कापायचे. एकाला टोकापासून मध्यापर्यंत चीर, दुसऱ्याला दोन टोकांमधल्या खाचेपासून मध्यापर्यंत चीर, आणि एकात एक सरकवायचे. गोंद नाही, टाचणी नाही, आणि जानेवारीत सुटे करून पाकिटात सपाट ठेवता येतात. मुंबईच्या घरात जागेचा हिशोब आधी, म्हणून मला हे सगळ्यांत जास्त आवडतात.

मुलाचा हात बसला की पुढची पायरी म्हणून फ्रोबेल तारा शिकवा. बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. सारख्या चार पट्ट्या घ्यायच्या, रुंदीच्या तीसपट लांब, म्हणजे दीड सेंटिमीटर रुंद तर ४५ सेंटिमीटर लांब. चारही मधोमध दुमडून चटईसारख्या एकमेकींत विणल्या की चौकोन तयार होतो आणि टोकं त्यातूनच दुमडत काढायची. कॅलेंडरची उलटून गेलेली पानं यासाठी उत्तम, कागद जाड आणि दोन्हीकडून रंगीत. मागे कुणी जपून ठेवलेली पाककृती नाही ना, तेवढं बघा.

मिठाच्या कणकेचे दागिने सगळीकडे सुचवले जातात: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, लागेल तसं पाणी. ओव्हन नसला तरी पातळ लाटून, चकत्या उलटसुलट करत गॅलरीतल्या उन्हात वाळवता येतात. पण मुंबईत ते पुढच्या वर्षासाठी टिकत नाहीत. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, आणि आपला पावसाळा महिनोन्‌महिने त्याच्या वर असतो. डिसेंबरमधली कडक चकती जुलैत लिबलिबीत होते. पुढून, मागून आणि दोऱ्याच्या भोकातूनही वॉर्निश लावलं तर थोडा निभाव लागतो. नाहीतर एका वर्षापुरत्या करा आणि सोडून द्या. घरात कुत्रा असेल तर करूच नका, एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेततं. शाडूची पिशवी उरली असेल तर ती कितीतरी बरी. वस्तू पातळ ठेवायच्या आणि सावलीत वाळवायच्या, म्हणजे तडा जात नाही.

फळांच्या वाळवलेल्या चकत्याही लोक टांगतात. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, चकती कापताच फोडी वेगळ्या होतात, आणि मोसंबीच्या चकत्या आपल्या दमट हवेत चिकट होऊन मुंग्या बोलावतात. संत्रं खाऊन उरलेल्या सालीचे तारे कापा, मधे लवंग टोचा, दोऱ्यात ओवून पंख्याखाली वाळवा. वासही येतो आणि सहा वर्षांच्या मुलाला जमतं. कापणं तेवढं तुम्ही करा.

गोठ्याला मात्र मनापासून वेळ द्या. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली जिवंत जनावरं घेऊन गोठ्याचा देखावा उभा केला, तिथून ही चाल पसरली. बुटांचा खोका आडवा ठेवा, वर गोणपाट, आत पेंढा. पेंढा फळवाल्याच्या पेटीत असतो, मागितला तर देतो. मागचे डोंगर म्हणजे चुरगळलेला खाकी कागद, त्यावर चहाचं दाट पाणी शिंपडायचं. अंगणात रांगोळी पसरा, शिरगोळ्याच्या रांगोळीची वाट चांदण्यात दिसावी तशी दिसते. कापसाचा बर्फ मी करत नाही, बेथलेहेमच्या गोठ्याशी त्याचा काही संबंध नाही आणि दिव्यांच्या माळेशेजारी कापूस ठेवणं धोक्याचं आहे.

हिरवळ मात्र खरी हवी. घटस्थापनेला जसं धान्य पेरतात तसंच. गहू रात्रभर भिजवून १४ डिसेंबरच्या सुमाराला पसरट डब्यांत किंवा मातीच्या थाळीत मातीवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर, आणि रोज पाण्याचा हबका. पहिले दोन दिवस झाकून ठेवा. २४ तारखेपर्यंत हातभर नाही, पण वीतभर तरी हिरवं होतं. काही घरांत नाचणी पेरतात, ती बारीक आणि मऊ येते. मेंढरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे आधी मांडा. बाळ येशूची गव्हाण मात्र २४ च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. बाळ आणून ठेवायचा मान धाकट्याला द्या.

झाडाचं म्हणाल तर विकत घेऊच नका असं नाही. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुतेक अरोकेरिया, मूळ पॅसिफिकमधल्या बेटांवरचं. त्याच्या फांद्या मऊ असतात, जड वस्तूंनी वाकतात, म्हणून पुठ्ठ्याचे तारे त्याला शोभतात. जागा नसेल तर जुन्या साडीचे जरीकाठ भिंतीवर वर लहान, खाली मोठे असे आडवे लावा आणि त्यावर तारे टाचा. घरमालक खिळे मारू देत नसेल तर काठांची दोन्ही टोकं दोऱ्यांना बांधून ते दोरे पडद्याच्या दांडीवरून सोडा.

ताऱ्यात फक्त छोटा एलईडी बल्ब, तोही कागदापासून लांब, मधोमध लटकणारा. जुना पिवळा बल्ब किंवा मेणबत्ती आत नको. वायर जिथे कामटीला टेकते तिथे चिकटपट्टी गुंडाळा आणि रात्री झोपताना बटण बंद करा. तारा नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात चढतो आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला उतरतो. तुम्ही उशिरा सुरू करत असाल तर आधी गहू पेरा, मग कामट्या शोधा. बाकी सगळं एका शनिवार-रविवारात होतं, गव्हाला मात्र त्याचे दिवस द्यावेच लागतात.