अपडाउनच्या पिशवीतला क्रोशे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अहमदाबादची नोकरी लागली, बडोद्याहून रोजचं गाडीने अपडाउन सुरू झालं, आणि आजीकडून शिकलेला क्रोशे आता सुटतोय की काय, अशी धास्ती तुझ्या पत्रात दिसली. सुटायचं काही कारण नाही. मात्र रविवारी दुपारी झोपाळ्यावर बसून जे विणत होतास तेच डब्यात घेऊन बसलास, तर महिन्याभरात कंटाळून सुई ठेवून देशील, हेही आजच सांगते. गाडीतलं काम निराळं, घरातलं निराळं. दोन्हींच्या पिशव्याही वेगळ्या ठेव.

घरातलं काम म्हणजे ज्यात मोजावं लागतं आणि पसरून बघावं लागतं. आलेखाच्या कागदावरून भरायचा टेबलक्लॉथ, शालीचा काठ, तुकड्यांची जोडणी, टोकं आत ओवणं, हे सगळं घरी. काळा किंवा गडद निळा दोराही घरीच. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, त्या उजेडात, त्याचे टाके दिसत नाहीत, आणि डोळे ताणून करावं इतकं तातडीचं क्रोशात काहीही नसतं. गाडीतलं काम म्हणजे जे तळहातावर मावतं, ज्याची गणती बोटांना पाठ होते आणि जे कुठल्याही स्टेशनावर थांबवता येतं. छोटी फुलं, पानं, चौकोन, फार तर चार ओळींची लेस. बाजवा मागे पडेपर्यंत गोल सुरू झाला असेल, वासदच्या अलीकडे महीचा पूल येतो तोवर दोन फेऱ्या होतील, आणि आणंदला चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली की सुई खाली. नडियादपर्यंत पुन्हा हातात.

प्रवासाला क्रोशे मानवतो त्याचं कारण त्याच्या घडणीतच आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उभी असते. सुई निसटली की टाके भराभर ओघळतात. क्रोशात साधारणपणे सुईवर एकच टाका चालू असतो. धक्का लागून सुई निघालीच तर दोनचार खांब, म्हणजे उभे उंच टाके, उसवतील, बाकी काम जागच्या जागी राहील. म्हणून पिशवीत कात्रीच्याही आधी सेफ्टी पिन ठेव. उठायची वेळ आली की शेवटचा टाका जरा लांब ओढायचा आणि त्यात पिन अडकवायची. दोरा गुंड्याच्या आतल्या टोकाने सुरू कर, पिशवीची चेन बोटभर उघडी ठेव आणि तिथून दोरा येऊ दे. नाहीतर गुंडा बाकाखालून समोरच्याच्या चपलांपर्यंत जातो आणि तो काढायला चौघांना पाय उचलावे लागतात.

मुलगा असून डब्यात सुई काढायची कशी, हे तू दोन ओळींत उरकलं आहेस. पण पत्र लिहायचं खरं कारण तेच असावं. अरे, त्याच डब्यात बायका तुरीच्या शेंगा सोलतात, पुरुष मांडीवर बॅग आडवी टाकून पत्ते कुटतात, कोपऱ्यात भजनं चालतात. तू सुई काढलीस तर दोन दिवस लोक बघतील. मग कुणीतरी ‘भाई, आ शुं बनावो छो?’ म्हणून विचारेल, आणि त्याच आठवड्यात भाचीच्या बारशाला एक टोपरं करून दे म्हणून मागणी येईल. संकोचापेक्षा त्या मागणीची काळजी कर. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

दोऱ्याचं. लोकर सोड. बडोद्याच्या मे महिन्यात मांडीवर लोकरीची शाल घेऊन बसणं ही शिक्षा आहे, आणि घामट बोटांवर अ‍ॅक्रिलिकचा दोरा चिकटतो तो वेगळाच. सुती दोरा घे. मांडवीच्या आसपासच्या दुकानांत विचारशील तेव्हा नंबर सांगायला शीक: नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. गाडीसाठी १० नंबरचा दोरा आणि दीड मिलिमीटरच्या आसपासची सुई. २० नंबर आणि सव्वा मिलिमीटर हे घरी, दिवसाउजेडी. एका कामाला लागेल तेवढा दोरा एकदम घे आणि वेष्टनावरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक जुळवून घे. तोच रंग महिन्याने आणलास तर छटा फिरलेली असते, आणि ती दुकानात नाही, घरी जोडल्यावर दिसते.

नमुने वाचताना एक अडचण तुला येणारच. इंग्लंडमध्ये ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो अमेरिकेत ‘सिंगल’. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसला की तो अमेरिकन समजायचा, कारण इंग्रजांकडे ते नावच नाही. जपानी नमुने मात्र बिनधास्त उचल. त्यांत चिन्हांची आकृती असते: साखळीला लंबगोल, खांबाला आडवी रेघ मारलेला टी. भाषेचा प्रश्नच येत नाही.

तुझा गोल रुमाल कडेला झालरीसारखा उठतोय म्हणतोस. खांबांचा गोल सपाट राहायला साधारणपणे पहिल्या फेरीत १२ खांब आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १२ ची वाढ लागते. कमी वाढवलंस तर वाटी होते, जास्त वाढवलंस तर लाटा येतात. पण उसवण्याआधी एक दिवस तो टेबलावर ठेवून बघ. दाइना तायमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नेमकी हीच लाट मुद्दाम विणली. प्रत्येक फेरीत ठरल्या प्रमाणात टाके वाढवत गेलं की अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमितीचं, म्हणजे कडेकडे लाटा घेत पसरत जाणारं, प्रतल हातात येतं; विद्यार्थ्यांना ते कागदावर समजवणं महाकठीण. तुझा रुमाल चुकलेलाच आहे, पण निदान भूमितीच्या बाजूने चुकलाय.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. तुला गाडीसाठी एखादं मोठं, वर्षभर पुरणारं काम हवंय ना? अहमदाबादला रोज जातोस, तर एखाद्या दिवशी लवकर सुटून लाल दरवाजाजवळच्या सिदी सय्यदच्या मशिदीपाशी जा. १५७३ च्या सुमाराची आहे. मागच्या भिंतीतल्या अर्धगोल खिडकीत दगडात कोरलेलं झाड आहे, एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचं. फोटो सगळेच काढतात. तू वही घेऊन जा आणि फक्त पानं काढ. पानांचे प्रकार किती, देठ कुठून फुटतो, दोन फांद्या कुठे एकमेकींना ओलांडतात.

हे झाड चौकटीच्या क्रोशात करायला जाऊ नकोस. त्या पद्धतीत बंद घर म्हणजे खांब आणि उघडं घर म्हणजे साखळी, त्यामुळे वळणदार फांदीच्या पायऱ्या होतात. चौकटीसाठी चांपानेरच्या जामा मशिदीतल्या भूमितीच्या जाळ्या घे. बडोद्याहून तासाभराचा रस्ता आहे, आणि पावागडला जाणारी निम्मी माणसं ती न बघताच परत येतात. आधी दहा घरांचा तुकडा विणून मोज, कारण आपलं घर सहसा अगदी चौरस येत नाही आणि नक्षी उभी नाहीतर आडवी ताणली जाते.

झाडासाठी आयरिश पद्धत शीक. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं आणि दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कितीतरी घरांना या लेसने आधार दिला. तिची रीत अशी: पान, फूल, देठ सुटे विणायचे, आत जाड दोरा धरून त्याच्यावरून, म्हणजे उठाव येतो. मग सगळे तुकडे कापडावर उलटे मांडून टाचायचे आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरायची. एक बाई फक्त पानं करी, दुसरी फुलं, तिसरी जोडणी. तुझ्याकडे तीन बायका नाहीत, पण गाडी आहे आणि घर आहे. पानं गाडीत, जोडणी रविवारी.

मागण्यांबद्दल. जवळच्या माणसाला फुकट दे आणि फुकट म्हणूनच दे. ‘दोऱ्याचे तेवढे दे’ हा मधला मार्ग मला कधीच आवडला नाही. त्याने समोरच्याला वाटतं की किंमत दिली, आणि तुझे तास कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. विकायचं असेल तर दोरा अधिक तास असा चोख भाव सांग. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १८४४ च्या सुमारास मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना ही कला शिकवली आणि त्यांची लेस परदेशी जाऊ लागली, पण घरी बसून नगावर विणणाऱ्या बाईच्या हाती त्यातलं थोडंच पडतं. काका म्हणतात, छंदाचा धंदा करू नये. माझं म्हणणं, करायचा असेल तर पूर्ण करावा, नाहीतर स्पष्ट नाही म्हणावं.

धुण्या-ताणण्याचं पत्रात समजत नाही, ते समोर बसून दाखवीन. साबुदाण्याची खळ किती पातळ ठेवायची हे हातानेच कळतं.

तुझी,
काकू

ता. क. विमानाने जाणार असशील तर सुई आणि कात्री सरळ चेक-इन सामानात टाक, सुरक्षारक्षकाशी वाद घालत बसू नकोस. आणि नवरात्रात येशील तेव्हा निदान दहा-बारा पानं घेऊन ये, टोकं न कापता. लांबी बघून जाळी कुठल्या नंबरच्या दोऱ्यात घ्यायची ते ठरवू.