वाचक विचारतात: टीम हरली की पुढच्या वर्षी भारी प्लेअर मिळतो, मग जिंकावंच का?

गेल्या अंकात मी एनबीएबद्दल लिहिताना सहज एक वाक्य लिहून गेले होते की मुद्दाम हरून टीम उभी राहत नाही. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळची सगळी जागा त्यालाच दिलीये. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, एनबीएत ३० टीम आहेत, दरवर्षी सीझन संपला की नव्या पोरांचा ड्राफ्ट होतो, म्हणजे टीमनी आळीपाळीने एकेक प्लेअर निवडायचा, आणि ज्या टीम जास्त हरल्या त्यांचा नंबर लॉटरीत आधी लागायचा चान्स जास्त असतो. म्हणून काही टीम सीझनच्या शेवटी जिंकायचा प्रयत्नच सोडून देतात, त्याला टँकिंग म्हणतात.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे आणि युटा जॅझचा फॅन आहे. २०२४-२५ ला आमची टीम ८२ पैकी फक्त १७ मॅच जिंकली, सगळ्यात खराब रेकॉर्ड. मला वाटलं चला, त्या ड्राफ्टमधला सगळ्यात भारी पोरगा कूपर फ्लॅग आता आपलाच. आणि लॉटरीत आला पाचवा नंबर! डॅलसवाले ३९ मॅच जिंकून पहिला नंबर घेऊन गेले. मग आम्ही हरून मिळवलं काय? पुढच्या वेळी टीमने हरावं असं मनात आणू की नको? – एक वाचक, पुणे

तुझं दुःख मला कळतं रे, पहाटे उठून आपल्या टीमच्या ६५ हरलेल्या मॅच फॉलो करायच्या आणि शेवटी हे.

पण आधी हे बघ की ती लॉटरी चालते कशी. एका मशिनमध्ये १ ते १४ नंबरचे बॉल असतात, त्यातले चार काढतात. १४ मधून चार बॉलच्या १००१ जोड्या होतात, एक जोडी बाजूला ठेवतात आणि उरलेल्या १००० प्लेऑफ हुकलेल्या १४ टीममध्ये वाटतात. पूर्वी शेवटच्या टीमला यातल्या २५० मिळायच्या, म्हणजे २५ टक्के चान्स. २०१९ च्या लॉटरीपासून नियम बदलला आणि खालच्या तिन्ही टीमना सारखाच १४-१४ टक्के चान्स झाला. म्हणजे सगळ्यात शेवटी येऊन पहिल्या नंबरसाठी तुला तिसऱ्या खराब टीमपेक्षा काडीचाही जास्त चान्स नाही. फायदा एवढाच की पाचच्या खाली घसरत नाहीस. आणि घसरून पाचव्यावर जायचा चान्स किती, तर जवळजवळ ४८ टक्के! म्हणजे युटाचं जे झालं ते काही विपरीत नव्हतं, छापा-काट्याएवढीच शक्यता होती त्याची. डॅलसचा चान्स १.८ टक्के होता, विपरीत ते होतं.

आणि हे ऐक, २०१९ ते २०२५ अशा सात लॉटऱ्या या नव्या नियमाने झाल्या, सातपैकी एकदाही सगळ्यात शेवटच्या टीमला पहिला नंबर लागला नाही. डेट्रॉइट तर लागोपाठ दोन वर्षं तळाला होती, २०२३ ला १७ विजय, २०२४ ला १४, आणि दोन्ही वेळा पाचवा पिक, म्हणजे निवडीचा पाचवा नंबर. २०२३ म्हणजे वेंबान्यामा या सगळ्यांना हव्या असलेल्या पोराचं वर्ष, तो गेला सॅन अँटोनियोला.

ही लॉटरी मुळात आलीच मुद्दाम हरण्याच्या संशयामुळे. आधी ईस्ट आणि वेस्ट या दोन्ही कॉन्फरन्सच्या, म्हणजे गटांच्या, तळाच्या टीममध्ये नाणं उडवायचे. ह्यूस्टनला १९८३ ला राल्फ सॅम्पसन मिळाला आणि लगेच १९८४ ला हकीम ओलाजुवॉन, तेव्हा लोक बोलायला लागले की हे जाणूनबुजून हरतायत, म्हणून १९८५ पासून लॉटरी. आता त्याच १९८४ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर होता पोर्टलंडचा, त्यांनी सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्यावर शिकागोने मायकल जॉर्डन उचलला. नंबर वरचा असणं आणि योग्य पोरगा ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हापासून दिसतंय, तरी लोक अजून नंबरालाच धरून बसतात. पुढे मोठे स्टार झालेल्यांत स्टेफ करी सातवा होता, कवाय लेनर्ड आणि यानिस दोघंही आपापल्या वर्षी पंधरावे, आणि योकिच २०१४ ला एक्केचाळिसावा! त्याच्या आधी चाळीस वेळा कुणी ना कुणी त्याला सोडून दुसरा प्लेअर घेतला.

तरी टीमना मोह का होतो तेही समजून घे. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण, त्यात एक अफाट निघाला तर सगळं पालटतं, क्रिकेटमध्ये एका माणसाने एवढा फरक पडत नाही. शिवाय नव्या पोराचा पगार पहिली चार वर्षं ठरलेला आणि कमी असतो. आणि युटासारख्या छोट्या शहरात मोठे स्टार स्वतःहून क्वचितच येतात, त्यांना ड्राफ्ट हाच रस्ता. सॅन अँटोनियोचं १९९६-९७ चं उदाहरण सगळे देतात, डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने बाहेर, टीम २० मॅच जिंकली, लॉटरी लागली आणि टिम डंकन मिळाला, पुढे पाच टायटल. पण त्याच वर्षी बोस्टन फक्त १५ मॅच जिंकली होती, वर डॅलसचाही पिक त्यांच्याकडे होता, आणि त्यांना मिळाले तिसरा आणि सहावा नंबर. बोस्टनची गोष्ट कुणी सांगत नाही.

म्हणून माझं उत्तर, टीमने हरावं असं मनात आणू नकोस. पाचव्या नंबरवर एस बेलीला घेतलाय ना तुमच्या लोकांनी, तो आणि बाकीची पोरं मॅचच्या शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर असतात का, चुका करून शिकतात का, ते बघ. तशा मॅच हरलास तर ठीक आहे, त्या हरण्यातून काहीतरी साठतं. चांगला प्लेअर बेंचवर बसवून हरलेल्या मॅचमधून काहीच साठत नाही.

प्रश्न : फिलाडेल्फियाच्या ‘प्रोसेस’बद्दल तुमचं मत काय? माझा मित्र म्हणतो एम्बिड एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम प्लेअर, झाला म्हणजे प्रोसेस यशस्वी. मी म्हणतो टायटल कुठंय? – एक वाचक, नागपूर

मी तुमच्या बाजूने आहे, पण मित्राचंही थोडं ऐकून घ्या.

२०१३ ला सॅम हिंकी मॅनेजर म्हणून आले आणि त्यांनी उघडपणे ठरवलं की मधल्या नंबरांत रेंगाळण्यापेक्षा एकदम तळाला जायचं आणि वरचे पिक गोळा करायचे. पुढची तीन वर्षं १९, १८ आणि १० विजय. एकूण ४७ जिंकल्या आणि १९९ हरल्या. त्यातच एकदा लागोपाठ २६ हरले आणि नंतर दोन सीझन मिळून लागोपाठ २८. हातात काय आलं? एम्बिड तिसरा आला आणि पायाच्या दुखण्यामुळे पहिली दोन वर्षं कोर्टवर उतरलाच नाही. २०१५ ला तिसऱ्या नंबरवर जलील ओकाफोर, तो टिकला नाही, आणि त्याच ड्राफ्टमध्ये तेराव्यावर डेव्हिन बुकर होता. २०१६ ला हिंकींनी राजीनामा दिला. मग पहिला नंबर लागून बेन सिमन्स आला, आणि २०१७ ला बोस्टनशी सौदा करून पहिल्या नंबरवर मार्केल फुल्ट्झ घेतला, त्याचा खांदा बिघडला. बोस्टनने तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम घेतला आणि २०२४ ला टायटल जिंकलं.

आता गंमत बघा, बोस्टनकडे तो पहिला नंबर हरून आलेलाच नव्हता, २०१३ ला त्यांनी आपले म्हातारे होत चाललेले स्टार ब्रुकलिनला देऊन त्यांचे पुढचे पिक घेऊन ठेवले होते. स्वतः २०१६-१७ ला ५३ मॅच जिंकून ईस्टमध्ये पहिले होते आणि त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टचा पहिला नंबरही त्यांच्याच खिशात. हरायचं काम ब्रुकलिनने केलं. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात हुशारीचं काम हेच.

फिलाडेल्फिया मात्र एवढं सगळं करून दुसऱ्या राऊंडच्या पुढे गेली नाही. २०१९ ला टोरंटोविरुद्ध सातव्या मॅचमध्ये त्यांच्या कवाय लेनर्डचा शेवटच्या क्षणाचा शॉट रिंगवर चार वेळा उडून आत पडला, तो बाहेर पडला असता तर कदाचित आज आपण वेगळं बोललो असतो, मला ती मॅच अजून टोचते. मित्राला एवढं मान्य करा की एम्बिडसारखा प्लेअर मिळाला आणि २०२३ ला तो एमव्हीपी झाला. पण एक एम्बिड मिळायला १९९ मॅच हरायच्या हा सौदा मला महागच वाटतो.

प्रश्न : मग ओक्लाहोमा सिटीचं काय? तेही हरले होतेच आणि २०२५ ला चॅम्पियन झाले. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

हरले होते, खोटं कशाला बोलू. २०२०-२१ ला २२ विजय, पुढच्या वर्षी २४, अल हॉरफर्डसारख्या चांगल्या प्लेअरला मार्चपासून घरी बसवलं, आणि मेम्फिसकडून एकदा ७३ पॉइंटनी हरले, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. त्या हरण्यातून २०२२ ला दुसऱ्या नंबरवर चेट होल्मग्रेन मिळाला, आणि तो टायटलच्या टीममध्ये होता, हे खरंच आहे.

पण बाकीची टीम बघा. शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ ला पॉल जॉर्जच्या बदल्यात आला, तोही मूळचा अकरावा पिक. जेलन विल्यम्स बारावा, आणि तो पिक त्याच सौद्यातून क्लिपर्सकडून आलेला. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. २०२१ ला हरून मिळालेला सहावा पिक जॉश गिडी, त्याला देऊन त्यांनी अलेक्स करूसो हा मुरलेला डिफेंडर आणला. म्हणजे त्यांचा पाया होता एका चांगल्या वेळी केलेल्या सौद्याचा. आणि दोन वर्षांत हरणं बंद केलं, ४०, मग ५७, मग ६८ विजय.

सॅक्रामेंटो आठवते का, ज्यांनी ऑक्टोबर २०१९ ला इंडियानाबरोबर आपल्या वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळल्या, ज्यांचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले? ते लागोपाठ १६ सीझन प्लेऑफला गेले नव्हते. वरचे पिक कमी मिळाले का? २०१८ ला दुसरा नंबर होता, पुढे मोठा स्टार झालेला डॉन्चिच समोर होता आणि त्यांनी मार्व्हिन बॅगली घेतला.

प्रश्न : मी शाळेत बास्केटबॉल शिकवतो. खेळाडू खरंच मुद्दाम हरतात का? मुलांना काय सांगू? – एक वाचक, सांगली

सर, खेळाडू नाही हरत. ज्याचा काँट्रॅक्ट संपत आलाय तो कशाला हरेल, पुढच्या वर्षी जो नवा पोरगा येईल तो याचीच जागा घेणार असतो. हरवते ती मॅनेजमेंट, चांगल्या माणसाला किरकोळ दुखापत दाखवून बसवायचं, चौथ्या क्वार्टरला कच्ची पोरं उतरवायची. लीग दंडही करते, २०१८ ला डॅलसचे मालक मार्क क्युबन जाहीर बोलून बसले की आपल्यासाठी हरणंच बरं असं मी खेळाडूंना सांगितलं, सहा लाख डॉलर दंड. २०२३ ला डॅलसनेच सीझनच्या शेवटी शिकागोविरुद्ध मुख्य प्लेअर बसवले, कारण त्यांचा पिक पहिल्या दहात राहिला तरच त्यांच्याकडे राहणार होता, साडेसात लाख दंड झाला. पिक राहिला, त्यातून डेरेक लाइव्हली आला आणि पुढच्या वर्षी टीम फायनलला गेली. म्हणजे दंड भरून फायदा झाला आणि मला नेमकं हेच खटकतं.

कॉलेजला असताना एका टुर्नामेंटमध्ये आम्हाला शेवटची लीग मॅच हरायला सांगितलं होतं, पुढे सोपी टीम यावी म्हणून. आम्ही हरलो. सोपी टीमच आली आणि तिच्याशीही हरलो, कारण आदल्या दिवशी बॉक्स आऊट, म्हणजे उडालेल्या बॉलसाठी समोरच्याला अंगाने अडवणं, सोडायची जी सवय लावली ती एका रात्रीत गेली नाही, रिबाऊंडला पाय हलतच नव्हते. आमची सेंटर त्या रात्री कुणाशी बोलली नाही. मुलांना आकडे नका सांगू सर, हे सांगा.

आणि डेट्रॉइट २०२३-२४ ला लागोपाठ २८ हरून १४ वर थांबली आणि पुढच्याच वर्षी ४४ जिंकली. नवा कोच आला, टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर अशी अनुभवी माणसं आणली आणि केड कनिंगहॅमला त्यांच्याबरोबर मोकळी जागा मिळाली. केड हा २०२१ चा पहिला पिक, म्हणजे टॅलेंट टीममध्ये आधीच होतं, आजूबाजूला खेळणारी माणसं नव्हती.

प्रश्न : आयपीएलमध्ये असं का होत नाही? – एक वाचक, रत्नागिरी

कारण तिथे ऑक्शन आहे. शेवटी आलात म्हणून आधी निवडायला मिळत नाही, पैसे मोजून बोली लावायची, सगळ्यांची पैशाची मर्यादा सारखीच. हरून काही पदरात पडतच नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलाला एनबीए मॅच दाखवायची आहे पण तिकीट काढलं आणि स्टारच खेळला नाही असं दोनदा झालं. काय करावं? – एक वाचक, एडिसन

मुलाचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना करू शकते हो. मार्च-एप्रिलमध्ये तळाच्या टीमची मॅच घेऊ नका, तेव्हाच ही बसवाबसवी सगळ्यात जास्त चालते. नोव्हेंबर-डिसेंबरला जा, तेव्हा सगळ्यांना वाटत असतं की आपण प्लेऑफला जाऊ. लागोपाठच्या दोन दिवसांतली दुसरी मॅच टाळा, आणि जायच्या दिवशी टीमची इंज्युरी लिस्ट बघा. आणि मॅचच्या तासभर आधी पोचा, वॉर्मअपला सगळी पोरं समोर असतात, बेंचवरचा बारावा प्लेअरसुद्धा लहान मुलांना सही देतो, तुमच्या मुलाला वही-पेन घेऊन पुढे पाठवा.