गँबिट साउंड आहे का? समोरचा फसला नाही तर काय उरतं ते बघा

तुमची पोस्ट वाचून बायकोला म्हटलं, हे बघ, आपल्याच घरातलं कोणीतरी लिहिलंय. मुलगी ऑनलाइन बुद्धिबळात ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांचे डाव) एन्ग्लंड आणि स्टॅफर्ड हे काळ्याचे गँबिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला करायच्या ओपनिंग) खेळून धडाधड जिंकते, रेटिंग चढतंय, आणि स्पर्धेत क्लासिकलला (लांब वेळेच्या डावाला) बसली की विसाव्या चालीच्या आत डावाचे बारा. तुम्ही विचारताय की गँबिट मुळात साउंड (समोरच्याने अचूक खेळलं तरी टिकणारे) असतात का आणि सोडायला लावू का. आमच्या चिरंजीवांचं अगदी हेच झालं होतं. आधीच सांगून टाकतो, मी कोच नाही, माझं स्वतःचं रेटिंग चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण स्पर्धांच्या हॉलबाहेर इतर पालकांसोबत बरीच वर्षं चहा पिण्यात घालवलीत. जाणकारांनी चुकलं तिथे कान धरावा.

एन्ग्लंडच घ्या. पांढऱ्याच्या डी४ ला काळ्याचं ई५ (अक्षर म्हणजे पटावरची उभी ओळ, आकडा आडवी), पांढरा ते प्यादं खातो, काळा घोडा सी६, पांढरा घोडा एफ३, काळा वजीर ई७. पांढरा प्यादं वाचवायला उंट एफ४ ला काढतो, वजीर बी४ वरून शह देतो, उंट परत डी२, वजीर बी२ चं प्यादं खातो. इथे पांढऱ्याने घाबरून उंट सी३ ला आणला की काळा उंट बी४, आणि पुढे हत्ती तरी जातो नाहीतर सी१ वर सरळ मात. व्हिडिओत एवढंच दाखवतात. पण सी३ ला उंटाऐवजी घोडा आला तर? काळा उंट बी४, हत्ती बी१, वजीर ए३, हत्ती बी३, वजीर ए५. आता मोजा, प्यादी सारखी आहेत! दिलेलं प्यादं परत मिळालंय आणि तरी काळ्याची अवस्था वाईट आहे, कारण वजीर एकटा गावभर फिरून आलाय आणि पांढऱ्याची फौज बाहेर पडलीय. नव्वद मिनिटं हातात असलेला माणूस घोडा सी३ शोधतोच, तीन मिनिटांच्या डावात नाही शोधत, एवढाच काय तो तुमच्या मुलीच्या दोन रेटिंगमधला फरक. स्टॅफर्डचंही तेच. डी३, उंट ई२, सी३ अशा शांत चाली करणारा भेटला की काळ्याकडे एक प्यादं कमी आणि बाकी नुसती आशा.

आता माझं खरं दुखणं. आमचा मुलगा ज्या क्लासला जायचा (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तिथे वर्षाची फी आगाऊ घेऊन प्रत्येक मुलाला सापळ्यांच्या झेरॉक्सची एक फाइल दिली होती. पानावर डाव्या बाजूला चाली, उजवीकडे शेवटची पोझिशन, आणि समोरच्याने चुकीची चाल केली नाही तर काय करायचं याबद्दल एक ओळ नाही! स्पर्धेत हरलेल्या डावांचे स्कोअरशीट घेऊन मी गेलो तर सर म्हणाले हरलेले डाव बघितले की मुलांचा कॉन्फिडन्स जातो, अ‍ॅटॅकिंग खेळू द्या. अहो पण हरलेला डाव नाही बघायचा तर मग कोचिंग कशाचं? फी परत मागितली तर बॅच बदलून देतो म्हणाले. पैसे गेले ते गेलेच, पण मुलाला सवय लागली की दहाव्या चालीपर्यंत काही मिळालं नाही तर मनाने डाव सोडून द्यायचा, आणि ती सवय काढायला फीपेक्षा कितीतरी जास्त खर्च झाला. त्यामुळे क्लास निवडताना माझा एकच प्रश्न असतो, हरलेले डाव बघता का. असो, भरकटलो.

तर साउंड म्हणजे काय. इंजिन (डाव तपासणारा प्रोग्रॅम) अर्ध्या प्याद्याने कमी दाखवतंय म्हणून ओपनिंग टाकून देऊ नका, आपल्या लेव्हलला त्याने काही फरक पडत नाही. मी उलटं करायला सांगतो. त्या गँबिटवरचं सगळ्यात चांगलं उत्तर पटावर मांडा आणि मुलीला तिथून पुढे खेळायला बसवा. काही योजना सुचते का? बेन्को गँबिटमध्ये सुचते. काळा बी५ देतो, ए६ देतो, आणि बदल्यात ए आणि बी या दोन्ही फाइल (उभ्या ओळी) हत्तींना मिळतात, जी७ चा उंट लांबवर बघत बसतो, वजीर बदलले गेले तरी दबाव तसाच राहतो. तिथे सापळा लागला नाही तरी डाव शिल्लक असतो.

काळ्याच्याच मार्शल गँबिटचंही तसंच. १९१८ ला न्यूयॉर्कमध्ये मार्शलने पुढे जगज्जेता झालेल्या कापाब्लांकावर ते प्यादं फेकलं, कापाब्लांकाने खाल्लं, मार सहन केला आणि जिंकलासुद्धा. पहिल्या गाजलेल्या डावात देणाराच हरला, तरी आज मोठमोठे ग्रँडमास्टर पांढऱ्याने तो मार्शल टाळायलाच बघतात. पांढऱ्याचा इव्हान्स गँबिट आता जुना झाला म्हणतात, पण १९९५ ला रिगाला कास्पारोव्हने तोच आनंदविरुद्ध काढला आणि २५ चालींत जिंकला. अर्थात काळ्याकडे त्यावर जुना जगज्जेता लास्करचा उपाय आहेच, उंट ए५, मग डी६, मग उंट बी६ आणि प्यादं शांतपणे परत देऊन टाकायचं. गँबिटवाल्याला याच्याइतकं काही झोंबत नाही, हे मुलीला काळ्याकडूनही शिकवा.

किंग्ज गँबिटवर (पांढरा राजाजवळचं एफ प्यादं देतो) भांडायला मी येणार नाही. स्पास्कीने १९६० ला अर्जेंटिनात मार देल प्लाताला फिशरला (दोघंही पुढे जगज्जेते) त्यात हरवलं, फिशरने पुढच्या वर्षी लेख लिहून ते ओपनिंग मोडीत काढलं, आणि नंतर यूएस चॅम्पियनशिपमध्ये स्वतः तेच खेळून जिंकला, फक्त तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट काढून. लहान मुलांनी जरूर खेळावं असं माझं मत, राजा उघडा पडला की काय होतं ते स्वतःच्या अंगावर कळतं.

म्हणजे सोडायला लावू नका, बदलायला लावा. एन्ग्लंड, स्टॅफर्ड फक्त ब्लिट्झपुरते. पांढऱ्याने इव्हान्स किंवा सिसिलियनविरुद्ध (ई४ ला काळ्याचं सी५) स्मिथ-मोरा गँबिट, काळ्याने बेन्को. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा आणि टाइम कंट्रोलचा फिल्टर असतो, तो क्लासिकलवर लावून बघा, ब्लिट्झचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. आणि स्पर्धेत प्रत्येक चालीनंतर स्कोअरशीटवर उरलेला वेळ लिहायला सांगा, आमच्याकडे सगळा घोळ त्यातूनच दिसला, पहिल्या दहा चाली दोन मिनिटांत आणि मग एका चालीला अर्धा तास.

बेन्कोची एक अडचण मात्र आधीच सांगतो. त्यासाठी पांढऱ्याने सी४ आणि डी५ खेळावं लागतं, आणि आपल्याकडच्या स्पर्धांत दर दुसरा मुलगा लंडन (पांढऱ्याची डी४, उंट एफ४ अशी ठरलेली मांडणी) मांडून बसतो, तिथे बेन्को येतच नाही. लंडनविरुद्ध काय खेळायचं यावर मला बोलायला लावू नका, अ‍ॅडमिन पोस्ट उडवतील.