पिवळी पूड धरलेला खाडीचा गाळ: जिप्सम नको, हिशेब करून चुनखडी घाला

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीतल्या सोसायटीने बेसमेंटच्या खोदकामातला काळसर गाळ नोव्हेंबरमध्ये बागेत ४० सेंमी जाडीने पसरला. तेव्हा पीएच ७.६ होता, आता मार्चमध्ये ३.४ आहे. ढेकळांवर पिवळी पूड आली, जास्वंद आणि मोगरा जळाले, गटाराच्या तोंडाशी नारिंगी साका बसतो. नर्सरीवाले जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकायला सांगतात.

जिप्सम टाकू नका. सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीत त्याचा उपयोग होतो, म्हणून खाडीची माती म्हटली की जिप्सम हे समीकरण डोक्यात बसलंय. पण जिप्सम आम्ल मारत नाही. तुमच्या गाळात सल्फ्युरिक आम्ल आहे, आणि त्यात चुनखडी मिसळली की जिप्सम तिथेच आपोआप तयार होतं.

हे आम्ल आलं कुठून ते आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे. खाडीच्या पाण्यात सल्फेट, तिवरांच्या कुजलेल्या पानामुळांचा सेंद्रिय माल आणि काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेलं लोह, हे तिन्ही हवा नसलेल्या चिखलात एकत्र आले की जिवाणू त्यातून लोहाचे सल्फाइड बनवतात. त्यातलं मुख्य खनिज पायराइट. त्याचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याखाली ते शेकडो वर्षं निमूट पडून राहतात. गाळ वर काढून पसरला, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तडकला, भेगांतून हवा आत गेली, की पायराइटचं आम्ल होऊ लागतं. त्यामुळे नोव्हेंबरचा ७.६ हा आकडा खोटा नव्हता, फक्त तो पुढे काय होणार ते सांगू शकत नव्हता.

तसाच आजचा ३.४ पण अपुरा आहे. तो फक्त मातीच्या पाण्यातलं आम्ल दाखवतो. एक ढेकूळ हाताने फोडून बघा. आत राखाडी, आणि जुन्या मुळांच्या नळ्यांच्या कडेने बेसनासारखी फिकट पिवळी पूड. ती पूड म्हणजे जॅरोसाइट, पोटॅशियम-लोह-सल्फेटचं खनिज. साधारण ३.७ पेक्षा कमी पीएचलाच ते तयार होतं आणि बरंच आम्ल पोटात धरून बसतं. गटारातला नारिंगी साका बहुधा श्वेर्टमनाइट, तेही लोह आणि सल्फेटचंच. ही दोन्ही खनिजं हळूहळू गोएथाइट या तांबूस-पिवळसर लोहखनिजात बदलतात आणि बदलताना आम्ल सोडतात. आतला राखाडी भाग म्हणजे अजून न पेटलेला पायराइट. म्हणजे आम्लाचे तीन साठे आहेत: पाण्यातलं, पिवळ्या-नारिंगी खनिजांतलं आणि पायराइटमधलं. पीएच मीटरला पहिलाच दिसतो.

घरच्या घरी खात्री करायची तर पेरॉक्साइडची चाचणी करा. ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, केमिकलच्या दुकानातलं. मेडिकलमधलं पातळ चालणार नाही. बाटलीतल्या पेरॉक्साइडचा स्वतःचा पीएच बराच कमी असू शकतो, म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाचे थेंब टाकून तो आधी ४.५ ते ५.५ दरम्यान आणा. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) लावून घ्या. चमचाभर माती उष्णता सोसणाऱ्या काचेच्या भांड्यात घेऊन पेरॉक्साइड थोडं थोडं ओता. हातमोजे आणि चष्मा घालाच. मिश्रण उकळून बाहेर येतं आणि वाफ निघते. झाकण लावू नका. थंड झाल्यावर पीएच घ्या. ३ च्या खाली गेला आणि आधीच्यापेक्षा चांगलाच घसरला, तर पायराइट शिल्लक आहे. नुसत्या फेसावर जाऊ नका, कारण शेणखत किंवा कुजलेली पानंही जोरात फसफसतात. चाचणी ०–१०, १०–२५ आणि २५–४० सेंमी अशा तिन्ही खोलींवर, बागेत निदान चार ठिकाणी करा. वरचा थर विझलेला आणि खालचा भरलेला, असं हमखास सापडतं.

मात्रा ठरवायला मात्र प्रयोगशाळाच लागेल. नेहमीच्या माती परीक्षणात पीएच, क्षारता आणि अन्नद्रव्यं मिळतात; त्यात हे येत नाही. क्रोमियम रिड्युसिबल सल्फर (म्हणजे पायराइटमधलं गंधक), टायट्रेशनने काढलेली सध्याची आम्लता आणि जॅरोसाइटमधली अडकलेली आम्लता, असे तीन आकडे मागा. नमुन्याची पिशवी हवा दाबून बंद करा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. पिशवी उघडी राहिली तर माती वाटेतच बदलते.

हिशेब कसा करायचा ते काल्पनिक आकड्यांवर दाखवतो. बाग २०० चौरस मीटर, थर ०.४ मीटर, म्हणजे ८० घनमीटर. घनमीटरला एक टन कोरडी माती धरली तर ८० टन. १ टक्का पायराइटी गंधकाला टनामागे ३१.२ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं. गंधक ०.४ टक्के असेल तर १२.५ किलो. सध्याची आम्लता टनाला ६० मोल (प्रयोगशाळा आम्ल याच एककात देते) असेल तर ती गुणिले ०.०५, म्हणजे ३ किलो. जॅरोसाइटमधलं गंधक ०.१ टक्का असेल तर त्याला पाऊणपट धरायचं, म्हणजे २.३ किलो. बेरीज १७.८. मिसळणं कधीच परिपूर्ण होत नाही म्हणून दीडपट, २६.७ किलो. ८० टनांना साधारण २,१४० किलो, आणि चुनखडी ९० टक्के शुद्ध असेल तर २,४०० च्या आसपास. ५० किलोच्या ४८ गोण्या. आणि नुसता ३.४ बघून पोतं-दोन पोती टाकली जातात, तिथेच काम फसतं.

गाळात कालवं-तिसऱ्यांचे शिंपले असतील तर तेही चुनखडीच आहेत, पण ते हिशेबात धरू नका. त्यांच्यावर लोहाचा आणि जिप्समचा थर चढतो आणि आतला चुना कामाला येत नाही. जाड खडीचंही तेच. मैद्यासारखी बारीक भुकटीच घ्या. विरलेला चुना स्वस्त आणि झटपट वाटतो, पण थोडा जास्त झाला की पीएच १२ कडे जातो आणि उरलेली मुळंही जातात.

भुकटी वर पसरून काहीच होणार नाही, ती पहिल्या काही सेंटिमीटरातच राहते. गाळ १५–२० सेंमीच्या थरांत उचला, भुरभुरीत होईपर्यंतच वाळवा, ढेकळं फोडा, भुकटी टाका आणि पॉवर टिलरने दोनदा आडवं-उभं फिरवा. ओल्या गाळाचे लाडू होतात आणि भुकटी बाहेरूनच चिकटते. हे सगळं जूनच्या पहिल्या पावसाआधी उरका. सात महिने साठलेलं आम्ल, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम पहिल्या दोन-तीन सरींतच बाहेर येतं, आणि तुमचं गटार शेवटी ठाणे खाडीलाच जातं. बागेचं पाणी तोपर्यंत एका खड्ड्यात अडवा, पीएच ६.५ ते ८.५ मध्ये आल्याशिवाय सोडू नका. ते काचेसारखं नितळ, निळसर दिसलं तर आणखी सावध राहा: अ‍ॅल्युमिनियममुळे गढूळपणा खाली बसतो, पाणी शुद्ध झालेलं नसतं. वर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने डिवचा. काच फुटल्यासारखे तुकडे झाले तर तो लोहाचा पापुद्रा. तेल असेल तर पुन्हा जुळतं.

‘पाणी भरून ठेवा, हवा बंद होईल’ असाही सल्ला मिळेल. न खोदलेल्या गाळाला तो बरोबर आहे. पिवळी-नारिंगी खनिजं झालेल्या गाळात पाणी तुंबवलं तर लोह विरघळतं, श्वेर्टमनाइट भराभर गोएथाइट होतं, आणि त्याने धरून ठेवलेलं आर्सेनिक असेल तर तेही सुटू शकतं. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ईस्ट ट्रिनिटीला उसासाठी बांध घालून कोरड्या केलेल्या खारजमिनीत भरतीचं पाणी परत घेतलं, पण चुन्याच्या जोडीने आणि पातळी हळूहळू वाढवत. बागेत तसं जमणार नाही.

मातीवर पांढरी खपली दिसली तर ती मात्र वेगळी, ते मीठ. मीठ पाण्याने धुवावं लागतं, पण चुनखडी मिसळल्यानंतरच. आधी धुतलं तर आम्लही सोबत वाहतं. तोवर डीएपी आणि अमोनियम सल्फेट टाकू नका. पहिल्यातलं स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियम बांधून टाकतात, दुसरं आम्ल वाढवतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा पेरॉक्साइड चाचणी करा. साधा पीएच ६ ते ६.५ आणि पेरॉक्साइडनंतरचा ६.५ च्या वर राहिला तर लावणी करा. कुठे कमी आला तर तेवढाच पट्टा पुन्हा फिरवा. आणि कंपाउंड भिंतीचा पाया या गाळाला टेकला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला सल्फेटचा आकडा दाखवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सल्फेटच्या प्रमाणानुसार सिमेंटचा प्रकार आणि काँक्रीटची प्रत दिलेली आहे.