जिरामधून (बग्सची टिकेटं ठेवायचं सॉफ्टवेअर) बग्सचा रूट कॉज, म्हणजे मूळ कारणांचा, रिपोर्ट कसा जनरेट करायचा? मॅनेजर दर महिन्याला मागतात, त्यासाठी वेगळं प्लगइन घ्यावं लागतं का?

प्लगइन घेऊ नका, पैसे वाया जातील. बग इश्यू टाइपला 'रूट कॉज' असं एक सिलेक्ट लिस्टचं कस्टम फील्ड जोडा, ते रिझॉल्व्हच्या ट्रान्झिशन स्क्रीनवर (टिकेट बंद करताना उघडते ती) टाका, व्हॅलिडेटर लावून मँडेटरी करा, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि डॅशबोर्डवर टू डायमेन्शनल फिल्टर स्टॅटिस्टिक्सचं गॅजेट लावा, एका बाजूला कंपोनंट, दुसऱ्या बाजूला रूट कॉज. झाला रिपोर्ट. अझुअर डेव्हॉप्सवाल्यांना (मायक्रोसॉफ्टचं तसंच टूल) तर एवढंही करायला नको, तिथे सीएमएमआय नावाचं तयार टेम्प्लेट घेतलं की बगवर हे फील्ड आयतंच येतं: कोडिंग एरर, डिझाइन एरर, स्पेसिफिकेशन एरर, कम्युनिकेशन एरर आणि अननोन.

पण मी क्यूएमध्ये, म्हणजे टेस्टिंगमध्ये आहे, पुण्यात, आणि हा रिपोर्ट बरीच वर्षं काढलाय. त्यावरून जेवढी भांडणं बघितली तेवढी अप्रेझलवरून पण नाही बघितली, त्यामुळे गॅजेट सांगून गप्प बसणं मला जमणार नाही.

आधीच्या एका कंपनीत आमच्याकडे गोदामाच्या ऑर्डर्सचं ॲप होतं. क्लायंटची गोदामं भिवंडीला, माल जास्त करून रात्रीच हलायचा. तक्रार आली की रोजच्या डिस्पॅच रिपोर्टचे आकडे जुळत नाहीत. सपोर्टने टिकेट टाकलं, डेव्हलपरने दुपारी जेवण झाल्यावर एक ऑर्डर टाकून बघितली, आकडा बरोबर, 'कॅनॉट रिप्रोड्यूस' करून बंद. काही दिवसांनी रीओपन, परत दुपारी चेक, परत बंद. मी एक्सपोर्ट काढून बघितलं तर चुकणाऱ्या सगळ्या ऑर्डर्स रात्री बारा ते पहाटे साडेपाच यामधल्या. तसं टिकेटवर लिहिलं पण, की बाबांनो टाइमझोन बघा. साडेपाच म्हटल्यावर खरं तर पुढे काही सांगायलाच नको ना? डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) सेव्ह होत होती आणि रिपोर्टची क्वेरी तारीख पण त्याच यूटीसी वेळेवरून काढत होती, म्हणजे १ तारखेला पहाटे तीनला निघालेला ट्रक रिपोर्टमध्ये आदल्या महिन्यात. दिवसा कितीही टेस्ट करा, दिसणारच नाही.

त्या कमेंटला उत्तर आलं नाही. मग महिनाअखेरीला बिलिंग चुकलं, क्लायंटने डोकं खाल्लं, दोन ओळींचा फिक्स गेला आणि टिकेट बंद करताना ड्रॉपडाउनमध्ये निवडलं गेलं 'टेस्टिंग मिस'.

पुढच्या रिव्ह्यूला पाय चार्ट लागला, त्यात 'टेस्टिंग मिस'चा लाल तुकडा सगळ्यात मोठा, आणि आमचे डिलिव्हरी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "क्यूएने जरा सिरियसली घ्यायला पाहिजे." मी तिथेच टिकेटची हिस्ट्री उघडून दाखवली, कमेंट कधीची, बंद कुणी केलं, किती वेळा केलं. म्हटलं, "सर, हे आम्ही पकडलं होतं, लिहिलं पण होतं, मग मिस कुठे झालं?" तर म्हणाले, "ते बरोबर आहे, पण शेवटी प्रॉडक्शनला गेलंच ना?" आता याला काय बोलणार. घरात चोरी झाली आणि पोलिसांनी पंचनाम्यात कारण लिहिलं 'वॉचमन झोपला होता', तसलं हे, आणि इथे तर वॉचमन जागा राहून शिट्टी वाजवत होता.

खरी गंमत पुढे आहे. तोच घोळ इनव्हॉइसच्या तारखेत होता, ड्रायव्हरला जाणाऱ्या एसएमएसमध्ये होता, हजेरीच्या स्क्रीनवर पण होता. प्रत्येकाचं वेगळं टिकेट, वेगळा डेव्हलपर, आणि कारण? एकावर कोडिंग एरर, एकावर रिक्वायरमेंट गॅप, एकावर डेटा इश्यू आणि आमच्या नशिबी टेस्टिंग मिस. मूळ कारण एकच होतं, या ॲपमध्ये 'दिवस' म्हणजे भारतातला दिवस की यूटीसीचा, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. चार्टमध्ये मात्र त्याचे चार रंगांचे चार तुकडे. तो चार्ट बघून कुणाला काय कळणार होतं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, 'टेस्टिंग मिस' हा रूट कॉज नाही. टेस्टर बग बनवत नाही, तो फार तर सोडतो. बग का जन्माला आला आणि तो आधी का सापडला नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना दोन वेगळी फील्ड्स द्या. दुसऱ्या फील्डमध्ये हवं तर लिहा की टेस्ट केसच नव्हती, किंवा टेस्ट एन्व्हायर्नमेंटला तसा डेटा नव्हता, किंवा रिपोर्ट झाला होता पण बंद केला. हा शेवटचा पर्याय टाकाच! आमच्याकडे मी तो सुचवला तर हसले सगळे.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. आयबीएममध्ये राम चिलारेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्थोगोनल डिफेक्ट क्लासिफिकेशन नावाची पद्धत बनवली, त्यावरचा पेपर १९९२ चा. त्यात बग उघडताना भरायच्या गोष्टी वेगळ्या (कुठलं काम करताना सापडला, कशामुळे उघडा पडला, ग्राहकाला काय त्रास झाला) आणि बंद करताना भरायच्या वेगळ्या. बंद करताना फिक्स करणाऱ्याने लिहायचं की नेमकं काय दुरुस्त केलं: असाइनमेंट, चेकिंग, इंटरफेस, टायमिंग, अल्गोरिदम वगैरे, आणि ते मुळात नव्हतंच की होतं पण चुकीचं होतं. कोड नवा होता की जुना, की आधीच्याच फिक्समधून हा बग निघाला, तेही. बघा, यात कुठल्याही टीमचं नाव येत नाही. आपल्याकडे ड्रॉपडाउन बनवायला बसले की पहिल्या मिनिटात टीमची नावं येतात, मग प्रत्येक जण टिकेट बंद करताना दुसऱ्या टीमचं नाव निवडतो.

'ह्यूमन एरर' हा दुसरा लाडका पर्याय, तोही काढा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटच्या एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरची, म्हणजे मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट केली, सुमारे ३०० जीबी. ड्रॉपडाउन असता तर 'ह्यूमन एरर', विषय संपला. त्यांनी खोदलं तर निघालं की रोजचा बॅकअप होतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे ते एरर देऊन थांबायचं. बरं, एररचे ईमेल जात होते, पण डीमार्कमुळे (ईमेल खरंच त्याच कंपनीकडून आलंय का याची पडताळणी) ते वाटेतच रिजेक्ट होत होते, कुणाला पत्ताच नाही. शेवटी सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट होता म्हणून वाचले, मधला डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी जगासमोर मांडलं, त्या इंजिनिअरचा बळी न देता. यातली एक तरी गोष्ट पाय चार्टमध्ये आली असती का?

हल्ली टिकेट एआयला देऊन आरसीए (रूट कॉज ॲनालिसिस) लिहून घ्यायची फॅशन आलीय. भाषा छान येते, पण टिकेटवर कमेंटच असतात 'फिक्स्ड, प्लीज चेक' आणि 'वर्किंग फाइन नाऊ', त्यातून ते बिचारं काय काढणार? व्यवस्थित इंग्लिशमध्ये 'टेस्टिंग मिस' लिहून देईल, दोन पानं.

तर तुम्ही असं करा. फील्ड फिक्स करणाऱ्यानेच भरायचं आणि फिक्स करतानाच भरायचं, महिन्याच्या शेवटी कुणा एका ज्युनिअरला बसवून शंभर टिकेटं भरायला लावू नका. डिफॉल्ट व्हॅल्यू ठेवू नका, नाहीतर रिपोर्टमध्ये तीच जिंकते. सोबत एक टेक्स्ट फील्ड द्या, दोन वाक्यांचं. एकाच कारणाची टिकेटं एका मूळ टिकेटला 'इज कॉज्ड बाय' लिंकने जोडा, आणि मॅनेजरना चार्टऐवजी त्या मूळ टिकेटांची यादी द्या, सोबत प्रत्येकीला किती बग्स जोडलेत तो आकडा. आमच्याकडे ही यादी असती तर टाइमझोनचं टिकेट सगळ्यात वर दिसलं असतं आणि लाल तुकड्यावरून माझी शोभा झाली नसती.

आता थोडं सांभाळून घ्या. सगळ्याच बग्सना हे करू नका, स्पेलिंगच्या चुकीला कसलं आलंय रूट कॉज, प्रॉडक्शनचे आणि वरच्या प्रायॉरिटीचे तेवढे घ्या. क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरावीक कॅटेगरीज लिहिल्या असतील तर त्या ठेवाव्याच लागतील, तिथे माझं मत चालणार नाही. जिरात टीम-मॅनेज्ड प्रोजेक्ट (ज्याची सेटिंग टीम स्वतःच करते) असेल तर वर सांगितलेली सेटिंग तशीच्या तशी सापडणार नाही, ॲडमिनला विचारा. आणि क्यूएकडून खरंच सुटतं कधीकधी, नाही असं नाही, पण ते त्या दुसऱ्या फील्डमध्ये.

तुमच्या लिस्टमध्ये 'टेस्टिंग मिस' आधीच असेल तर तो पर्याय डिलीट करू नका, डिसेबल करा. डिलीट केला तर जुन्या टिकेटांवरची व्हॅल्यू पण उडते, आणि मग मागच्या वर्षी काय काय आमच्या माथी मारलं होतं ते दाखवायला काही उरत नाही.